फिलाडेल्फियातील चूल : डॉ. आनंदीबाई जोशी

आपल्या जाफराबादहून दरवर्षी काही मुले-मुली पुढच्या शिक्षणासाठी बाहेर पडतात. कोणी जालन्याला, कोणी छत्रपती संभाजीनगरला, तर कोणी थेट पुण्याला जाते. पूर्णा-केळणेच्या काठावरचे हे लहान गाव सोडून मूल मोठ्या शहरात पोचले, की घरून पहिला प्रश्न विचारला जातो तो अभ्यासक्रमाचा नसतो, की खोलीच्या भाड्याचाही नसतो. ‘जेवणाची सोय झाली का?’ हा तो प्रश्न. मेस कशी आहे, भाकरी मिळते की नुसतीच पोळी, डबा वेळेवर येतो का, याची चौकशी झाल्याशिवाय आईचे समाधान होत नाही. शहरात गेल्यावर आपल्याकडच्या बेसनाला तिकडे पिठले म्हणतात, हे कळायलाही दोन दिवस जातात. मग भूक लागलेली असूनही ताटावरून उठावेसे का वाटते, ते ध्यानात येते.

हा प्रश्न क्षुल्लक मानण्याची आपल्याला सवय आहे. थोरामोठ्यांच्या चरित्रांत पदव्या असतात, सत्कार असतात, संकटे असतात; पण ते माणूस परक्या शहरात रोज काय जेवले, याची नोंद क्वचितच सापडते. असे असले तरी महाराष्ट्रातील एका चरित्रात हा प्रश्न अगदी मध्यभागी उभा आहे. ते चरित्र आहे पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी परदेशात जाऊन मिळविणाऱ्या पहिल्या मराठी स्त्रीचे, डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. त्यांचे नाव आपण शाळेपासून ऐकत आलो. अमेरिकेत कॅरोलाइन डॉल यांनी आणि आपल्याकडे काशीबाई कानिटकर यांनी त्यांचे चरित्र लिहिले, श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीने १९६८ साली ते घरोघरी नेले. या लेखात त्या चरित्राकडे चुलीच्या बाजूने पाहावयाचे आहे.

कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी यमुनेचा जन्म झाला. घराणे एके काळचे सधन, पण पुढे ओढग्रस्तीला लागलेले. वयाच्या नवव्या वर्षी, १८७४ साली, तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव मूळचे संगमनेरचे. टपालखात्यात नोकरीला होते, बिजवर होते आणि वयाने पत्नीपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. बायकोला शिकू दिले पाहिजे, ही त्यांची लग्नाचीच अट होती. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली आणि तिच्या शिक्षणाला सुरुवात झाली.

गोपाळरावांचा स्वभाव विलक्षण होता. पत्नीने शिकावे हा त्यांचा ध्यास खरा. पण त्या ध्यासात दयामाया फारशी नव्हती. अभ्यास टाकून आनंदी स्वयंपाकघरात रमली, म्हणून त्यांनी तिला मारल्याची हकीगत प्रसिद्ध आहे. स्वयंपाक केला नाही म्हणून मार खाणाऱ्या बायका त्या काळी घरोघर होत्या. स्वयंपाक केला म्हणून मार खाणारी ही एकटीच असावी. लाकडाचे फटके, अंगावर भिरकावलेली पुस्तके, सोडून जाण्याच्या धमक्या यांची आठवण पुढे आनंदीबाईंनी अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या पत्रातही करून दिली होती. ज्या मुलीला चुलीपासून ओढून पुस्तकापुढे बसविले, तिलाच पुढे सातासमुद्रापलीकडे एका हाताने पुस्तक आणि दुसऱ्या हाताने चूल सांभाळावी लागली.

१८७८ साली, वयाच्या चौदाव्या वर्षात, आनंदीबाईंना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वाचले असते, ही टोचणी त्यांच्या मनाला लागून राहिली. पुरुष डॉक्टरपुढे जाण्यास स्त्रिया तयार नसत आणि स्त्री डॉक्टर तर नव्हत्याच. आपणच डॉक्टर व्हावयाचे, या निश्चयाचे मूळ त्या दहा दिवसांत आहे.

टपालखात्याच्या बदल्यांमुळे या जोडप्याने अठरा वर्षांच्या आत आनंदीबाईंना किती गावे दाखविली! कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, आणि पुढे १८८१ नंतर बंगालमधील कलकत्ता, बराकपूर व श्रीरामपूर. प्रत्येक ठिकाणी नवे घर, नवे शेजारी, नवी टीका. बायकोला बरोबर घेऊन फिरायला निघणारा हा गृहस्थ लोकांना चमत्कारिक वाटे. ही त्याची लग्नाची बायकोच नसेल, असा संशयही कलकत्त्यात लोक घेत. त्यात बंगालमध्ये ब्राह्मणांच्या घरीही मासे शिजतात. मराठी ब्राह्मणी स्वयंपाकघराला हे सगळेच अपरिचित. परक्या गावात आपले ताट आपणच मांडावे लागते, हा धडा आनंदीबाईंना अमेरिकेच्या कितीतरी आधी मिळाला होता. तेथेच त्यांची प्रकृतीही ढासळू लागली. डोकेदुखी, ताप, अशक्तपणा, मधूनच लागणारा दम अशा तक्रारी सुरू झाल्या. पुढचे सर्व त्यांनी या खालावलेल्या प्रकृतीनिशी केले, हे विसरून चालणार नाही.

अमेरिकेचा संबंध आला तो एका पत्रामुळे. कोल्हापूरला असताना, १८७८ साली, गोपाळरावांनी तेथील अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांच्यामार्फत पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत मदत मागितली. उत्तर आले ते धर्मांतराच्या अपेक्षेचे. ख्रिस्ती झालात तर पुढचे पाहू, असा त्याचा मथितार्थ होता. जोशी पतिपत्नींनी ते मानले नाही. पण वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार अमेरिकेतील आपल्या मासिकात छापला आणि गोष्ट वेगळ्याच दिशेने वळली. १८८० साली न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोर पडलेले मासिक त्यांनी सहज चाळले आणि त्यांना हे पत्र दिसले. दूर हिंदुस्थानातील एका मुलीला शिकावयाचे आहे, एवढेच त्यांच्या मनाला भिडले. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. एकमेकींचे तोंडही न पाहिलेल्या या दोघींत पत्रांचा ओघ सुरू झाला आणि आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. आनंदीबाईंच्या आजारपणाचे कळल्यावर या मावशीने अमेरिकेहून औषधेही पाठविली. या मदतीला कोणतीही अट नव्हती. हा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढची सारी कथा त्यावर उभी आहे.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी इंग्रजीतून जाहीर भाषण केले. आपण अमेरिकेस का जातो, एकट्या का जातो, परत आल्यावर समाजाने वाळीत टाकले तर काय, अशा लोकांच्या प्रश्नांना त्यांनी निर्भीडपणे उत्तरे दिली. त्याच वेळी त्यांनी एक वचनही दिले. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच राहीन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. पोशाखात आणि आहारात बदल करणार नाही, असा त्याचा आशय होता. अठरावे वर्ष अजून पुरे व्हावयाचे होते. समुद्रपर्यटन निषिद्ध मानणाऱ्या समाजाला दिलेली ती एक प्रकारची हमी होती. बोलताना ते वचन सोपे वाटले असेल. ते रोज दोन वेळा, तीन हिवाळे, पाळावयाचे होते.

अंगावरचे दागिने मोडून आणि काही लोकांनी दिलेल्या मदतीवर प्रवासाचा खर्च उभा राहिला. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून आनंदीबाईंचे जहाज सुटले. गोपाळराव बरोबर नव्हते. सोबत होती ती मिशनरी स्त्रियांची. जहाजावरचे जेवण मुख्यतः मांसाचे, सोबतिणींचा सूर धर्मोपदेशाचा, आणि चोहीकडे पाणी. तोंडात टाकायला ओळखीची चव नाही आणि बोलायला मराठी शब्द नाही, अशा स्थितीत जवळजवळ दोन महिने काढून ४ जून १८८३ रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. धक्क्यावर कार्पेंटरमावशी उभ्या होत्या.

रोझेलच्या घरातील तो उन्हाळा आनंदीबाईंच्या अमेरिकेतील दिवसांपैकी बहुधा सर्वांत सुखाचा. ते घर मांसाहारी होते, ख्रिस्ती होते, गोऱ्या लोकांचे होते. तरीही त्या घराने या मुलीचा आहार, तिचे कुंकू, तिच्या बांगड्या आणि तिची नऊवारी यांना सांभाळून घेतले. तिच्या ताटात काय नको, हे एकदा कळल्यावर त्याबद्दल कोणी वाद घातला नाही. उलट तिच्या ताटात काय असते, याचे त्या घराला कुतूहल होते. आनंदीबाईंनी तेथे पाहुण्यांना मराठी पद्धतीचे जेवणही घातले. अमेरिकन बायका साड्या नेसून खाली बसल्या आणि हाताने जेवल्या. पाहुणचार नेहमी यजमानाने करावयाचा असतो. पण ज्या घरात पाहुण्यालाही यजमान होता येते, ते घर त्याचे स्वतःचे झाले असे समजावे. रोझेलचे घर तसे झाले.

ऑक्टोबर १८८३ मध्ये मुक्काम फिलाडेल्फियाला हलला. १८५० साली स्थापन झालेले पेनसिल्व्हेनियाचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय तेथे होते. रेचल बॉडली या तेथील डीन. त्या स्वतः रसायनशास्त्राच्या विदुषी होत्या. त्यांनी आनंदीबाईंना प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीही मिळाली. कार्पेंटरमावशी पोचवायला आल्या आणि परत गेल्या. येथून खरी परीक्षा सुरू झाली.

राहण्यासाठी जी खोली मिळाली, तिच्या शेगडीचा धूर नीट बाहेर जात नसे. जाळ केला की खोलीभर धूर, आणि न केला तर हाडे गोठविणारी थंडी. या दोहोंतून रोज एकाची निवड करावयाची. कोकणपट्टीत वाढलेल्या शरीराला बर्फ म्हणजे काय, हे ठाऊक नव्हते. दिवसा शरीरशास्त्र, रसायनशास्त्र, शवविच्छेदन. घरी आल्यावर आपला शिधा आपणच शिजविणे. आणि मग रात्री पुन्हा पुस्तके. आजच्या मेसमध्ये भाजी बेचव लागली तर आपण कुरकुरतो. येथे मेसच नव्हती.

त्या काळच्या अमेरिकन शहरात शाकाहारी माणसाची अडचण नेमकी काय होती, हे समजून घेतले पाहिजे. बटाटे, कोबी, पाव, दूध, लोणी, सफरचंदे, मका हे सर्व मिळे. पण हिवाळ्याचे चार-पाच महिने हिरवी भाजी जवळजवळ नाहीशी होई. शिवाय तेथील स्वयंपाकात डुकराची चरबी सर्रास वापरली जाई. दिसायला निव्वळ भाजी किंवा साधी भाजलेली पेस्ट्री असली, तरी तिच्यात ती चरबी असण्याचा संभव असे. म्हणून परक्याच्या हातचे काही खाताना शंका, आणि न खावे तर उपास. तूरडाळ, कोथिंबीर, हिंग, कढीलिंब यांचा तर विषयच नव्हता. आपले जेवण म्हणजे नुसते मांसावाचूनचे जेवण नव्हे. त्याला स्वतःचा वास असतो, फोडणीचा आवाज असतो. तो गेला की पोट भरले तरी जेवल्यासारखे वाटत नाही.

येथे एका योगायोगाची नोंद करण्याजोगी आहे. फिलाडेल्फिया हे अमेरिकेतील शाकाहाराचे एक जुने केंद्र होते. विल्यम मेटकाफ नावाच्या धर्मोपदेशकाने १८१७ साली इंग्लंडहून आपल्या अनुयायांसह येऊन मांसवर्ज्य आहाराचे व्रत पाळणारी एक ख्रिस्ती मंडळी या शहरात वसविली होती. हेन्री क्लब यांच्या पुढाकाराने अमेरिकेतील शाकाहारी संस्था स्थापन झाली तेही १८८६ साल, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीचेच वर्ष. परंतु शहरात कोठेतरी आपल्यासारखे व्रत पाळणारे लोक असणे आणि दररोज सकाळ-संध्याकाळ आपल्या पानात गरम अन्न पडणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. १८८८ साली एकोणिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेले मोहनदास गांधी लंडनला गेले, तेव्हा आईला दिलेल्या वचनापायी त्यांचीही अशीच उपासमार झाली. पण लंडनमध्ये शाकाहारी खानावळी निघालेल्या होत्या. मैलोगणती पायपीट करून गांधींना एक दिवस फॅरिंग्डन स्ट्रीटवर अशी खानावळ सापडली आणि ते पोटभर जेवले. गांधींचा प्रश्न एका दुकानाने सोडविला. आनंदीबाईंचा प्रश्न जेव्हा जेव्हा सुटला, तेव्हा तो कोणाच्या तरी घराने सोडविला. आधी कार्पेंटरमावशींच्या आणि नंतर काही काळ डीन बॉडली यांच्या. खोलीतील हाल लक्षात आल्यावर बॉडलीबाईंनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले होते.

वचनाच्या बाबतीत आनंदीबाई आंधळ्या हट्टी होत्या, असे मात्र म्हणता येत नाही. थंडीने पाय बधिर होऊ लागले, तेव्हा नऊवारीने पोटऱ्या झाकल्या जात नाहीत हे त्यांनी ओळखले आणि गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास सुरुवात केली. साडी सोडली नाही, पण नेसण्याची तऱ्हा बदलली. गोपाळरावांना हेही पत्रातून समजावून सांगावे लागले. पोशाख आणि आहार या विषयांनी त्या दोघांच्या पत्रव्यवहारात किती जागा व्यापली आहे, हे पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. शवविच्छेदनाच्या टेबलापुढे उभी राहणारी मुलगी, आणि तिच्या पदराविषयी हजारो मैलांवरून येणारी विचारणा! पोशाखात त्यांनी मार्ग काढला. आहारात मात्र तसा मार्ग त्यांनी काढला नाही. त्या काळच्या पाश्चात्त्य वैद्यकात अशक्त रोग्याला गोमांसाचा रस देणे हा सर्वमान्य उपाय होता. आनंदीबाईंनी आपले व्रत मोडले नाही.

याच एप्रिल १८८३ मध्ये आणखी एक मराठी स्त्री समुद्र ओलांडून गेली होती. त्या पंडिता रमाबाई. रमाबाईंनी इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण मांसाहार स्वीकारला नाही. वॉन्टेजच्या ज्या जोगिणींच्या मठात त्या राहिल्या, तेथील वडीलधाऱ्या बाईंना हा जातीचा अभिमान वाटला. रमाबाई मात्र जन्मभर शाकाहारीच राहिल्या. धर्म बदललेली एक आणि न बदललेली दुसरी, पण ताटाच्या बाबतीत दोघी सारख्याच ठाम. यावरून एवढे दिसते, की ताट हे केवळ धर्माज्ञेचे नसते. लहानपणापासूनच्या सवयीने, आईच्या हाताने आणि स्वतःच्या मानाने ते घडलेले असते.

१८८५ साली गोपाळराव अमेरिकेत येऊन पोचले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली या तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. तीन देश, तीन धर्म, तीन वेगवेगळी स्वयंपाकघरे; एकच वर्ग. त्या चित्रातील आनंदीबाईंचा चेहरा पाहिला, तर विशी ओलांडलेल्या तरुणीचा उत्साह तेथे शोधावा लागतो.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. ही पदवी मिळाली. प्राचीन आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जागा देऊ केली. ज्या कोल्हापुरातून पहिले पत्र निघाले, तेथेच डॉक्टर म्हणून परतण्याची वेळ आली होती. परंतु तोपर्यंत क्षयाने शरीर पोखरले होते. ऑक्टोबर १८८६ मध्ये त्यांनी अमेरिका सोडली; नोव्हेंबरमध्ये मुंबईस पोचल्या. कोल्हापूरचे काम हाती घेणे झालेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पूर्ण होण्यास महिनाभर उरला होता.

शाकाहारामुळे आनंदीबाईंचा बळी गेला, असे काही लोक सहजपणे बोलून जातात. हे बरोबर नाही. क्षय जंतूमुळे होतो, हे रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली, म्हणजे आनंदीबाई अमेरिकेस निघण्याच्या आदल्याच वर्षी दाखवून दिले होते; पण त्यावरचे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडण्यास १९४३ साल उजाडावे लागले. तोपर्यंत मांस खाणारे आणि न खाणारे, राजे आणि रंक, सारखेच क्षयाने मरत होते. मात्र अपुरे अन्न, थंडी आणि अतिश्रम यांमुळे या रोगाशी झुंजण्याची शरीराची शक्ती कमी होते, हेही तितकेच खरे. म्हणूनच २०१८ पासून आपल्या देशात क्षयरुग्णाला औषधाबरोबर पोषणासाठी दरमहा पैसे देण्याची योजना सुरू झाली. डाळ, दूध, शेंगदाणे, पालेभाजी असे पुरेसे शाकाहारी अन्न, कोरडी उबदार खोली आणि थोडी विश्रांती एवढे त्यांना सलग तीन वर्षे मिळाले असते, तर आनंदीबाईंचा देह अधिक काळ झुंजला असता, एवढेच आपण म्हणू शकतो. दोष व्रताचा नव्हता. ते व्रत पाळणाऱ्या एकट्या मुलीच्या पाठीशी दोन वेळची व्यवस्था नव्हती, हा दोष होता. वचन मागणारा समाज मोठा होता. शिधा पुरविणारा हात मात्र एखादाच होता.

आनंदीबाईंच्या रक्षेचा अंश गोपाळरावांनी कार्पेंटरमावशींकडे पाठविला. न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, मावशींनी तो आपल्या माणसांच्या शेजारी ठेवला. जिवंतपणी ज्या घराने पान मांडले, त्याच घराने मृत्यूनंतरही जागा दिली.

आता पुन्हा आपल्या गावाकडे येऊ. आपल्यापैकी बहुतेकांची घरे काही शाकाहारी नाहीत. भाकरीबरोबर कधी ठेचा, कधी बेसन, तर कधी मटणाचा रस्सा असेच आपले जेवण. मोठ्या शहरात खोली शोधायला गेलेल्या आपल्या मुलांना ‘फक्त शाकाहारींसाठी’ ही अट ऐकावी लागते. कधी आधी आडनाव विचारले जाते आणि मग खोली भरलेली असल्याचे सांगितले जाते. अशा वेळी आनंदीबाईंचे चरित्र उलट बाजूने वाचावे. तेथे शाकाहारी मुलगी एकटी होती आणि सारे शहर मांसाहारी होते. एकाने मदतीच्या बदल्यात धर्म मागितला. दुसरीने काहीच मागितले नाही. फक्त या मुलीला काय चालते आणि काय चालत नाही, एवढे विचारून घेतले. इतिहासाने कोणाचे नाव प्रेमाने जपले, हे आपण पाहतोच आहोत. ताट वेगळे म्हणून ज्याला दार बंद होते, तो मांस खाणारा आहे की न खाणारा, याने त्या दाराच्या बंद होण्यात काही फरक पडत नाही.

आपल्या महाविद्यालयातून यंदा बाहेर पडणाऱ्या मित्रमैत्रिणींना म्हणूनच एवढे सांगावेसे वाटते. नव्या शहरात गेल्यावर चांगली मेस अवश्य शोधा. न लाजता शोधा. उपाशी राहून केलेल्या अभ्यासाचे मोल शरीराला फार जबर द्यावे लागते. आपल्या चवीचे काही मिळाले नाही, तर चार जणांनी मिळून एक शेगडी घ्या आणि पाळी लावून स्वयंपाक करा. आणि पुढच्या वर्षी आपल्या गावाकडचे नवे कोणी घाबऱ्या चेहऱ्याने त्या शहरात उतरले, तर आईच्या आधी आपणच विचारा, ‘जेवणाची सोय झाली का?’ ते काय खाते, हे त्यानंतर विचारले तरी चालेल.